मनोविकारशास्त्राची शास्त्रीय बैठक : चार प्रयत्नांची चिकित्सा

एखाद्या शास्त्राची बैठक पक्की आहे की नाही, हे त्याला लाभलेल्या यशांवरून जितके कळते त्याहून अधिक ते शास्त्र कशाला यश म्हणते यावरून कळते. मनोविकारशास्त्राच्या बाबतीत ही कसोटी विशेष उद्बोधक ठरते. विल्हेल्म ग्रीझिंगर यांनी १८४५ मध्ये आपल्या पाठ्यग्रंथात मनोविकार हे मेंदूचे विकार होत असा पक्ष मांडला. तेव्हापासून आजतागायत या शास्त्राचे अभ्यासक एका मार्गदर्शक चौकटीच्या शोधात आहेत. चौकटी पुष्कळ सुचविल्या गेल्या, त्यांतल्या थोड्या टिकल्या. आणि ज्या टिकल्या त्या खऱ्या म्हणून टिकल्या की सोयीच्या म्हणून, हा वाद अद्याप मिटलेला नाही. एमिल क्रेपेलिन यांच्या पाठ्यग्रंथाची १८९९ ची सहावी आवृत्ती, कार्ल यास्पर्स यांचा १९१३ मधील ‘सामान्य मनोविकृतिशास्त्र’ हा ग्रंथ, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आणि अमेरिकेच्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१० च्या सुमारास पुढे ठेवलेला संशोधन-आराखडा, हे या शोधातील चार प्रमुख टप्पे होत. त्यांचे परीक्षण करण्यापूर्वी एका जुन्या व्याधीची हकीकत पाहणे अवश्य आहे, कारण या चारही प्रयत्नांवर तिची सावली पडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या वेड्यांच्या इस्पितळांत एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. मध्यम वयाचा माणूस अकस्मात स्वतःला सम्राट किंवा अब्जाधीश समजू लागे. मग त्याची वाचा अडखळे, हातपाय लुळे पडत, बुद्धी मावळे आणि काही वर्षांत त्याचा अंत होई. वेड आणि पक्षाघात या एकाच मेंदूविकाराच्या दोन बाजू आहेत, असे आंत्वान बेल यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे आपल्या प्रबंधात दाखविले. पुढे उपदंशाचा संशय बळावला. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा आली. आणि १९१३ मध्ये हिदेयो नोगुची व जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत प्रत्यक्ष उपदंशाचे जंतू दाखवून दिले. व्हिएन्ना येथे वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून या रुग्णांना हिवतापाची लागण करून त्या तापाने रोग आटोक्यात आणण्याचा उपाय केला. त्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलिन आल्यावर तर हा रोग इस्पितळांतून जवळजवळ नाहीसाच झाला. लक्षणसमुच्चय, त्याचा क्रम, शवविच्छेदनात दिसणारी विकृती, तिचे कारण आणि शेवटी उपाय, असा हा सरळ जिना होता. प्रत्येक मनोविकाराच्या बाबतीत हाच जिना चढून जाता येईल, अशी आशा या शास्त्राच्या मनात तेव्हापासून घर करून बसली.

मात्र या यशाची दुसरी बाजू क्वचितच ध्यानात घेतली जाते. कारण सापडताच तो रोग मनोविकारशास्त्राचा राहिला नाही. तो जंतुशास्त्राचा आणि मज्जाविकारशास्त्राचा झाला. पेलाग्रामुळे येणाऱ्या वेडाचे मूळ आहारातील उणिवेत आहे असे कळल्यावर तेही वेड असेच निघून गेले. याच गोष्टीची ताजी उदाहरणेही आहेत. रेट यांच्या नावाने ओळखला जाणारा, लहान मुलींची वाढ खुंटविणारा विकार अमेरिकन निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत होता. त्यामागचा जनुकदोष १९९९ मध्ये सापडला आणि २०१३ च्या आवृत्तीतून तो विकार स्वतंत्र नोंद म्हणून वगळण्यात आला. जोसेप डालमाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूदाहाचा एक प्रकार वर्णिला. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदूतील विशिष्ट ग्राहकांवरच उलटते. भ्रम, आक्रस्ताळेपणा, मग जडत्व अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या कित्येक तरुण स्त्रिया पूर्वी मनोविकाराच्या वॉर्डात दाखल होत असत. आता प्रतिपिंडांची तपासणी होऊन त्या मज्जाविकाराच्या वॉर्डात जातात आणि त्यांतल्या बहुतेक सुधारतातही. थोडक्यात, ज्या दिवशी कारण सापडते त्या दिवशी व्याधी या शास्त्राच्या दप्तरातून निघून दुसऱ्याच्या दप्तरात जाते. ज्या नमुन्यावर मनोविकारशास्त्राने आपली चौकट बेतली, तो नमुना पूर्णपणे लागू पडला तर चौकटीत ठेवावयास काही उरणारच नाही. या पेचाची जाणीव कोणाला किती होती, हा येथील परीक्षणाचा मुख्य मुद्दा आहे.

क्रेपेलिन यांना ती फारशी नव्हती. मात्र त्यांच्यापाशी चिकाटी विलक्षण होती. मेंदूत विकृती सापडेना, तेव्हा त्यांनी रोगाच्या कालक्रमाला प्रमाण मानले. प्रत्येक रुग्णासाठी एक स्वतंत्र पत्रक करावे, त्यावर पूर्वेतिहास, लक्षणे व अखेरची गत नोंदवावी आणि वर्षानुवर्षांची अशी पत्रके पुनःपुन्हा लावून पाहावीत, ही त्यांची पद्धत. या पत्रकांतून १८९९ ची प्रसिद्ध विभागणी निष्पन्न झाली : एकीकडे अकाली बुद्धिऱ्हास, म्हणजे ज्याला ब्लॉयलर यांनी पुढे स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमानस हे नाव दिले तो विकार, आणि दुसरीकडे उन्माद व विषाद यांच्या लाटांचा विकार. पहिल्यात माणूस खालावत जातो, दुसऱ्यात तो पूर्वस्थितीवर येतो. इतकी साधी आणि इतकी उपयुक्त विभागणी या शास्त्रात त्यापूर्वी झाली नव्हती, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि या विभागणीचा पाया एका गृहीतकावर उभा आहे. ज्यांचा क्रम व शेवट सारखा त्यांचे कारणही एकच असणार, हे ते गृहीतक. ते सिद्ध झालेले नव्हते; उपदंशजन्य पक्षाघाताच्या उदाहरणावरून ते उसने घेतले होते. क्रेपेलिन यांच्या निरीक्षणपद्धतीचाही येथे विचार केला पाहिजे. दोर्पात येथे प्राध्यापक असताना तेथील बहुसंख्य रुग्णांची भाषा त्यांना येत नव्हती. रुग्ण काय म्हणतो यापेक्षा तो काय करतो आणि त्याचे पुढे काय होते याकडे पाहण्याची त्यांची वृत्ती या अनुभवामुळेच बनली असे म्हणणे धाडसाचे होईल, पण त्या वृत्तीशी तो अनुभव चांगलाच जुळतो. पाठ्यग्रंथातील रुग्णवर्णने अत्यंत तीक्ष्ण आहेत. मात्र त्यांतील माणूस नेहमी दुरून पाहिलेला असतो.

क्रेपेलिन यांचा थोरपणा असा की, १९२० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी स्वतःच आपल्या विभागणीविषयी शंका उपस्थित केली. पुष्कळशा रुग्णांत या दोन विकारांची सीमारेषा समाधानकारकपणे आखता येत नाही, असे त्यांनी मान्य केले. अनुयायांनी पाठ्यग्रंथ लक्षात ठेवला आणि निबंध विसरला. असे अनेक शास्त्रांत घडते. शंभर वर्षांनी जनुकशास्त्राने त्या निबंधाचीच बाजू उचलून धरली आहे. छिन्नमानसाशी निगडित असलेली २८७ जनुकस्थाने २०२२ मध्ये जाहीर झाली. एकेका स्थानाचा प्रभाव अत्यल्प आहे, आणि या आनुवंशिक वाट्याचा बराच भाग लाटांच्या विकारातही आढळतो. निसर्गाने जेथे रेघ ओढली असेल असे वाटले होते, तेथे ती सापडलेली नाही.

चौकटीचा दोष कागदावरच राहता तर त्याची चर्चा अभ्यासकांपुरती राहिली असती. अकाली बुद्धिऱ्हास हा शब्दच मुळी असाध्यतेचा निवाडा आहे. क्रेपेलिन यांनी म्यूनिक येथे स्थापन केलेल्या संशोधनसंस्थेतील आनुवंशिकी विभागाचे प्रमुख एर्न्स्ट र्‍यूडीन हे नाझी राजवटीच्या १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याचे एक अधिकृत भाष्यकार होते. त्या कायद्याच्या यादीत छिन्नमानस होते आणि लाटांचा विकारही होता. ज्या वर्गीकरणाची सीमा त्याच्या कर्त्यालाच शेवटी संशयास्पद वाटली, त्याच्या आधारे माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. याची जबाबदारी सर्वस्वी वर्गीकरणावर टाकता येणार नाही. ती त्याच्यापासून पूर्णपणे दूर ठेवणेही न्यायाचे होणार नाही.

यास्पर्स यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि हायडेलबर्गच्या चिकित्सालयात बिनपगारी सहायक म्हणून काम करीत होते. प्रत्यक्ष मेंदूत काहीही न पाहता मेंदूच्या भाषेत बोलणाऱ्या उपपत्तींना त्यांनी मेंदूच्या पुराणकथा म्हटले. मात्र ग्रंथाचे खरे महत्त्व त्याच्या खंडनात नसून एका भेदात आहे. डिल्टाय यांच्यापासून घेतलेला हा भेद म्हणजे कारणमीमांसा आणि आकलन यांतला भेद. मुलगा गेलेली आई जेवणाखाण्यावरून उठते, तेव्हा दुःख आणि अन्नावरची वासना उडणे यांतील संबंध सरळ उमगतो. तो शंभर आयांची पाहणी करून सिद्ध करावा लागत नाही. उलट मेंदूतील गाठीमुळे एखाद्याला नसलेले वास येऊ लागतात, तेव्हा गाठ आणि वास यांत उमगण्यासारखे काही नसते. तेथे नियमच शोधावा लागतो. मनोविकारशास्त्राला हे दोन्ही मार्ग लागतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, असे यास्पर्स यांचे म्हणणे. फ्रॉइड यांच्याविषयीची त्यांची तक्रारही नेमकी हीच आहे : फ्रॉइड आकलनाची सामग्री गोळा करतात आणि तिला कारणनियमांचा मान देतात.

वर सांगितलेल्या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग या भेदात आहे. कारण सापडल्यावर व्याधी निघून जाते हे खरे. पण व्याधी झालेला माणूस, त्याची भीती, त्याच्या भ्रमाचा आशय, त्याच्या आयुष्यात त्या भ्रमाने केलेली उलथापालथ ही निघून जात नाहीत. या शास्त्राजवळ स्वतःचे असे काही असेल तर ते येथे आहे. असे असूनही यास्पर्स यांनी चौकट दिली नाही, ही तक्रार वारंवार केली जाते. ती वस्तुस्थिती म्हणून बरोबर आणि आक्षेप म्हणून चूक आहे. एकच चौकट देण्याचे त्यांनी हेतुपुरस्सर नाकारले. कोणत्या पद्धतीने काय कळते आणि कोठे तिची हद्द संपते, एवढेच सांगण्याचे त्यांनी पत्करले.

ग्रंथाची खरी दुर्बलता निराळीच आहे. छिन्नमानसातील मूळ भ्रम हा आकलनाच्या पलीकडचा असतो, असे यास्पर्स निक्षून सांगतात आणि त्यावरच निदानाचा मोठा भार टाकतात. पण एखादी गोष्ट आकलनाच्या पलीकडे आहे असे म्हणताना ती कोणाच्या आकलनाच्या, हा प्रश्न उरतोच. रुग्णाची बोली, त्याचा देव, त्याचे गाव ज्याला ठाऊक नाही त्या वैद्याची हद्द लवकर संपते. आर. डी. लेंग यांनी १९६० मध्ये नेमक्या याच कुंपणावर हल्ला चढविला. त्यांनी कुंपणच नाहीसे केले, हा त्यांचा अतिरेक. ते सरकू शकते हे मात्र त्यांनी पटवून दिले. यास्पर्स यांच्या पत्नी ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचे प्राध्यापकपद गेले आणि पुढे लेखनावर बंदी आली. त्या काळात नव्याने लिहिलेली चौथी आवृत्ती १९४६ मध्येच बाहेर येऊ शकली. इंग्रजी भाषांतरास १९६३ साल उजाडले. तोवर विचारांचा ओघ दुसरीकडे वळला होता.

तो ओघ औषधांनी वळविला, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेचा उपयोग वेड व रक्तदाब यांवर होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरील आपले अनुभव प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यापासून काढलेले रेसर्पिन १९५४ पासून अमेरिकेतील मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. क्लोरप्रोमाझीन त्याआधी दोन वर्षे पॅरिसमध्ये आले होते. या औषधांनी वॉर्डातला आरडाओरडा थांबला, साखळ्या सुटल्या. या उपकाराला कमी लेखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पुढच्या अनुमानावर. औषध मेंदूतील अमुक द्रव्यावर परिणाम करते, म्हणून त्या द्रव्याचा बिघाड हेच रोगाचे कारण, असा तर्क सुरू झाला. रेसर्पिनने काही रक्तदाबाच्या रुग्णांना खिन्नता आली, या निरीक्षणावर खिन्नतेची एक अख्खी उपपत्ती उभारण्यात आली. नंतरच्या फेरतपासणीत ते निरीक्षणच कच्चे ठरले. आपल्याकडील वैद्यकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असे निदानपंचक सांगितले आहे. कशाने बरे वाटते यावरून रोग ओळखणे म्हणजे उपशय. रोग कसा घडत जातो हे सांगणे म्हणजे संप्राप्ती. लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशयाचा आधार घ्यावा असे चरक सांगतात. याचा अर्थ प्राचीनांना डोपामिन ठाऊक होते असा कोणी काढू नये. उपशय हाती आला म्हणजे संप्राप्ती कळली असे होत नाही, एवढे मात्र त्यांच्या वर्गीकरणावरून उघड होते. आणि १९६० नंतरच्या कित्येक उपपत्तींनी हीच गल्लत केली आहे.

जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जैव-मानसिक-सामाजिक भूमिकेचा येथे ओझरता उल्लेख पुरे. तीत सर्व काही मान्य होण्याजोगे आहे, आणि तोच तिचा दोष आहे. कोणत्या रुग्णात कोणती बाजू प्रधान हे ती सांगत नाही.

१९८० च्या निदानपुस्तिकेकडे वळताना तिच्या कर्त्यांची अडचण आधी लक्षात घेतली पाहिजे. न्यूयॉर्क व लंडन येथील निदानांची तुलना १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत न्यूयॉर्कचे डॉक्टर छिन्नमानसाचे निदान लंडनच्या मानाने कितीतरी सढळपणे करीत असल्याचे दिसून आले. १९७३ च्या डिसेंबरात संघटनेच्या विश्वस्तांनी समलिंगी आकर्षण हा विकार नाही असा निर्णय घेतला, आणि १९७४ मध्ये तो सभासदांच्या मतदानाला टाकण्यात आला. ५८ टक्क्यांनी तो उचलून धरला. निर्णय न्याय्य होता. पण हाडाचे मोडणे मतदानाने ठरत नाही, हे सर्वांनाच दिसले. १९७३ मध्येच डेव्हिड रोझेनहान यांनी ढोंगी रुग्णांना इस्पितळांनी खरे मानल्याची हकीकत प्रसिद्ध करून मोठी खळबळ उडविली. तिच्या सत्यतेवरच २०१९ मध्ये गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. परंतु त्या वेळी तिने आपले काम केले होते.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट स्पिट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणांविषयीचे सर्व वाद बाजूला ठेवले. अमुक लक्षणांपैकी अमुक इतकी, अमुक काळ असली म्हणजे अमुक निदान, अशा नियमांनी त्यांनी २६५ निदाने बांधून काढली. ही क्रेपेलिन यांचीच परंपरा, कारणावरील श्रद्धा तेवढी वजा केलेली. वेगवेगळ्या गावचे डॉक्टर एकच शब्द एकाच अर्थाने वापरू लागले, संशोधनाला समान भाषा मिळाली, विमा व न्यायालये यांची सोय झाली. मात्र विश्वसनीयता निराळी आणि यथार्थता निराळी. दोन ज्योतिषी एकाच पंचांगावरून एकच रास सांगतील. त्यांच्या एकमतामुळे ग्रहांचा माणसाच्या नशिबाशी संबंध सिद्ध होत नाही. पुस्तिकेच्या कर्त्यांना हा फरक पूर्णपणे माहीत होता. आधी एकमत, मग यथार्थता, असा त्यांचा संकल्प होता. तो दुसरा टप्पा आलाच नाही. दरम्यान विद्यार्थ्यांच्या पिढ्या या सोयीच्या व्याख्यांनाच रोग समजू लागल्या. खेदाची गोष्ट ही की एकमतही पुरते साधले नाही : २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या चाचण्यांत तीव्र खिन्नतेच्या निदानाबाबत डॉक्टरांच्या एकमताचा गुणांक ०.२८ आला. योगायोगाने जुळणारी निदाने म्हणजे ० आणि पूर्ण एकमत म्हणजे १, हे लक्षात घेता हा आकडा बोलका आहे.

क्रेपेलिन यांच्या परंपरेला खरे आव्हान याच सुमारास दुसऱ्या बाजूने मिळाले होते, आणि त्याची दखल पुस्तिकेने पुरेशी घेतली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ केंद्रांत मिळून १२०२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांत आग्रा हे एक केंद्र होते. एकाच ठराविक मुलाखतीने सर्वत्र छिन्नमानसाचे रुग्ण ओळखता आले. परंतु आग्रा, इबादान व काली येथील रुग्णांची पुढील वाटचाल श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली दिसली. या निष्कर्षावर आणि त्याच्या कारणांवर पुष्कळ वाद झाला, व तो संपलेला नाही. तरीही ज्या कालक्रमाला क्रेपेलिन यांनी रोगाच्या जातीचे गमक मानले, तो कालक्रमच गावागणिक बदलत असेल, तर ते गमक रोगाचे की रोग्याच्या घरादाराचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

चौथा प्रयत्न या असमाधानातून जन्मला. थॉमस इन्सेल यांच्या नेतृत्वाखालील संस्थेने निदानांच्या जुन्या नावांऐवजी भय, पारितोषिकाची ओढ, स्मृती, सामाजिक व्यवहार अशा प्रक्रिया घ्याव्यात आणि जनुकापासून वर्तनापर्यंतच्या पातळ्यांवर त्यांचा अभ्यास करावा, असा तक्ता मांडला. २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती निघण्याच्या काही दिवस आधी, आपले संशोधन त्या पुस्तिकेच्या निदानांपासून दूर नेण्याचा इरादा इन्सेल यांनी जाहीर केला. सोयीच्या नावांना निसर्गाच्या जाती समजू नये, हा त्यांचा आग्रह रास्त होता. परंतु तक्त्याकडे नीट पाहिल्यास जुना जिना पुन्हा दिसू लागतो. रुग्णाचे स्वतःचे निवेदन हा तेथे अनेक रकान्यांपैकी एक रकाना आहे. यास्पर्स यांच्या ग्रंथात जे अर्धे शास्त्र होते, ते येथे एका रकान्यापुरते उरले. पद सोडल्यानंतर २०१७ मध्ये इन्सेल यांनी प्रांजळपणे कबूल केले की, आपल्या कारकिर्दीत सुमारे वीस अब्ज डॉलर खर्चून उत्तम शास्त्र निर्माण झाले, पण आत्महत्या कमी होणे किंवा रुग्णांचे आयुष्य सुधारणे या बाबतीत फरक पडला नाही. ही कबुली १९२० च्या निबंधाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

या वादाचा भारतीय वाचकाशी संबंध केवळ पुस्तकी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसार ठरवावयाचे असते. त्या मानकांत जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा नावानिशी समावेश आहे. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेली अकरावी आवृत्ती ती हीच. ज्या व्याख्यांची यथार्थता अभ्यासकांत विवाद्य आहे, त्यांच्यावर येथे माणसाचे इस्पितळात राहणे वा न राहणे अवलंबून असते. परंतु त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आणखी एक गोष्ट सांगितली आहे : समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे जमत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरविता येणार नाही. पहिली आज्ञा वर्गीकरणावर भिस्त ठेवते. दुसरी पाळावयाची तर डॉक्टरला समोरच्या माणसाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घ्यावे लागते, आणि त्यासाठी रोगवर्गीकरणाच्या कोणत्याही आवृत्तीत सांकेतिक क्रमांक दिलेला नाही.